वैजूमावशीचा पाट

हे कुणाला सांगायचं नाही, असं वैजूमावशीने मला बजावलं होतं. रागावून नाही, पाट पुसता पुसता, हसत हसत. पण बजावलं होतं. मी बोलणार नाहीच. मला तसंही चारचौघांत बोलायला जमत नाही. म्हणून लिहिते, वैजूमावशी अजून नुसती वैजू होती तेव्हाचं.

"माई, माझा पाट?"

वैजूने पुन्हा विचारलं.

पहाटे विचारलं तेव्हा गिरिजामाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी पाणी घातलं. उजाडल्यावर विचारलं तेव्हा त्या करडईचं तेल फडक्यातून गाळत होत्या. त्यांनी तेल गाळलं. आता त्या चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करत होत्या.

"माई..."

"चहा घे. साखर संपली, गूळ घातलाय."

वैजूने चहा घेतला आणि चटका बसत असतानाही एका दमात पिऊन टाकला. तिचं अर्धं लक्ष खालच्या माळावर होतं. तिथे जत्रेचे पाळणे उभे राहत होते, रेवड्यांच्या गाड्या लागत होत्या, कुणीतरी पिपाणी वाजवून बघत होतं. उरलेलं अर्धं लक्ष मठाच्या कोपऱ्यात होतं.

कोपऱ्यात भिंतीला टेकवून काहीतरी ठेवलं होतं. वरून माईंचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. पण लुगडं गुंडाळल्याने पाट लपतो होय? एका बाजूने कोपरा बाहेर आलाच होता. बाभळीचं नवं लाकूड, रंधा मारलेलं, लालसर.

मांजरखिंडीच्या टेकावरचा तो मठ म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा आणि पुढे कडुलिंबाची सावली. पण आसपासच्या गावांत कुणाची मान धरली की लोक म्हणायचे, टेकावर जा. माईंना मानेचा हात होता. तो त्यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाला होता, आणि माई तो एखाद्या मुलीला द्यायच्या. सगळ्यांना नाही.

तिथली रीत अशी. ज्याची मान दुखते त्याने पाटावर बसायचं. बघणारीने त्याच्या मागे गुडघे टेकायचे. शिकणारीला स्वतःचा पाट नसतो. ती माईंच्या काळ्या, तेल मुरलेल्या पाटामागे, माईंच्या देखत हात लावते. हात तयार झाला की माई तिला नवा पाट देतात. तो काखेत मारून ती आपल्या गावी जाते आणि तिथल्या माना बघते. पाट देतात तो मात्र जत्रेच्या दिवशीच. एरवी कितीही मागा.

आणि आज जत्रा होती.

वैजूच्या दादाने, म्हणजे माझ्या मामाने, निरोप धाडला होता. "जत्रेला मी येतोय. पाट मिळाला तर पाट घेऊन घरी ये. नाही मिळाला तर नुसती ये. गोधड्या चाचपायला पुन्हा पाठवणार नाही. मुलगा बघून ठेवलाय."

गोधड्या चाचपणं हे खरंच होतं. माई शिकणारीच्या हातात आधी माणूस देत नाहीत, गोधडी देतात. घडीवर घडी घातलेली गोधडी, आणि आत कुठेतरी एक चिंचोका. वरून अंगठ्याने चाचपून तो कुठे आहे ते सांगायचं. सुरुवातीला वैजूला महिनाभर सापडला नव्हता. रात्री झोपेतसुद्धा ती उशी चाचपायची. पण ती शाळेत कबड्डी खेळलेली, तिच्या पंजात जोर होता आणि डोक्यात हट्ट. आता ती माईंशी गप्पा मारता मारता, नजर तिसरीकडेच ठेवून, चिंचोक्यावर अंगठा टेकवायची. वर सांगायची, "किडका आहे." आणि तो किडका निघायचा.

टेकावर आलेल्या मुलींत आपल्याइतका लवकर कुणाचा हात बसला नसणार, असं तिला वाटायचं. वाटायचं तसं चेहऱ्यावर दिसायचंही.

फक्त एक गोष्ट तिने माईंना सांगितली नव्हती.

दिवाळीपासून तिचं उजवं कानशील ठणकत होतं. ठणका डोळ्याच्या मागे जाऊन बसायचा. कुणी उजवीकडून हाक मारली की ती नुसती मान वळवत नसे, अख्खी वळायची. मग तिने कपाळाला ओढणी घट्ट बांधायला सुरुवात केली. कुणी विचारलं तर म्हणायची, ऊन लागतं. पण जिची स्वतःचीच मान धरलेली, तिच्यापुढे कोण मान देणार? हे माईंना कळलं तर तो लालसर कोपरा पुन्हा लुगड्यात जाईल, ही तिला भीती होती.

"ऊन आहे का गं?" माईंनी जाळाकडे बघतच विचारलं.

"कुठे?"

"तुझ्या डोक्यावर."

"...सवय झालीय ओढणीची."

"हं," माई म्हणाल्या आणि त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

खाली माळावर ढोल वाजत होता, तो मध्येच बंद पडला. थोड्या वेळाने पायवाटेवर गलका ऐकू आला. धनगरांची पोरं टेक चढून येत होती. पिवळे फेटे, पांढरे अंगरखे, पायांत घुंगरं. त्यांच्या मधोमध एक जण डोक्यावर भरली घागर असल्यासारखा चालत होता. घागर तर नव्हती.

तो बिरू. पालखीपुढे गजी ढोल घेऊन नाचणाऱ्यांत तो पहिला. त्याच्या ढोलावर बाकीच्यांचे पाय पडायचे.

"माई, वाचवा ह्याला," त्याचा जोडीदार म्हाळू धापा टाकत म्हणाला. "सकाळपास्नं सरळच बघतोय. बायकोनं हाक मारली तरी वळंना."

"ते आधीबी कुठं वळत हुतं?" मागून एक जण म्हणाला.

पोरं हसली. बिरूही हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर थांबवून त्याने कानशील दाबून धरलं.

"हितं ठणकतंय, माई. डोळ्याच्या मागं. मान म्हणाल तर दगूड झालीया. आन पालखी आजच हाय."

"पडलास का कुठे?"

"न्हाई."

"हाताला मुंग्या येतात? बोटं बधिर?"

"न्हाई."

"ताप?"

"न्हाई ओ."

"आणि ढोल?"

"ढोल हाय की. तालीम चाललीया न्हवं. दिसभर गळ्यातच असतोय."

माईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. पडला असता, हात बधिर असता, तर त्यांनी त्याला पाटावर बसूच दिलं नसतं. तालुक्याच्या दवाखान्यात धाडलं असतं, पालखी असो नाहीतर लग्न.

"कडाकदिशी मोडून टाका की," म्हाळू म्हणाला. "आमच्या पावण्यांच्या गावात एक जण मोडतो. हितपातुर आवाज येतोय."

"मोडायची आहे की फिरवायची?" माईंनी विचारलं.

म्हाळूने फेटा सावरला.

माईंनी काळा पाट लिंबाखाली मांडला. बिरू बसला. माई त्याच्या मागे जायला हव्या होत्या. त्या समोर जाऊन बसल्या.

"वैजू."

"जी."

"तू बघ."

वैजू लगेच पुढे झाली. जत्रेचा दिवस, पालखीचा मानकरी, आणि माई म्हणतात तू बघ. एवढं एक झालं की मग कोपऱ्यातलं लुगडं सुटणार, दुसरं काय? तिने अंगठ्यांना तेल लावलं. बिरूच्या मागे गुडघे टेकले. खालून पिपाणीचा आवाज आला आणि तिला वाटलं, आपल्यासाठीच वाजली.

माई बिरूच्या पायांकडे बघत होत्या. ही त्यांची नेहमीची तऱ्हा होती. लोक मान घेऊन यायचे आणि माई पाय बघायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तोंड म्हणतं, बरं वाटतंय. पायाची बोटं खरं काय ते सांगतात." मागे बसणारीला मात्र बोटं दिसत नाहीत.

वैजूने बिरूच्या कानशिलाला हात लावला नाही. तेवढं ती शिकली होती. ती खांद्यावर गेली. ढोलाचा पट्टा जिथे रुततो तिथे, मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या मांसाच्या पट्ट्यात, एक दोर ताणल्यासारखी शीर होती. त्या दोरात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, घट्ट गाठ. गोधडीतला चिंचोकाच जणू.

तिने अंगठा टेकवला.

"आयला..." बिरू म्हणाला. "हात खांद्यावर ठेवलास, आन ठणका कानशिलात गेला. कसा काय?"

"जातोच," वैजू म्हणाली.

तिने माईंकडे बघितलं. माई पायांकडे बघत होत्या.

वैजूने दाबलं.

"सोस थोडं."

"सोसतोय की."

"फिरव बघू."

बिरूने मान फिरवली. इतकीशी फिरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वैजूच्या छातीत ढोल वाजायला लागला. फिरली. अजून जोर लावला तर अजून फिरणार. तिने दुसरा अंगठा पहिल्यावर ठेवला आणि भार दिला.

"फिरव."

आता मघापेक्षा कमी फिरली.

तिने सगळं अंग अंगठ्यावर टाकलं. कबड्डीत एखादीला मैदानावर दाबून धरावी तशी तिने ती गाठ दाबून धरली. तिचा खांदा वर वर जाऊन कानाला लागला. ओढणीखाली कानशील ठणठण करायला लागलं. ती थांबली नाही.

"फिरव."

मान फिरलीच नाही.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," बिरू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. जोडीदारांपुढे दुसरं काय म्हणणार?

"वैजू," माई म्हणाल्या. "पुढे येऊन बघ."

तिने वाकून बघितलं. बिरूच्या पायाची बोटं मातीत रुतली होती. उतारावर बैल खुर रोवतो तशी.

"गाठ सापडली?" माईंनी विचारलं.

"सापडली. माझ्या अंगठ्याखालीच होती."

"मग?"

"सोडत नाही."

"कोण?"

...

"गाठ," वैजू म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला.

माई उठल्या. "बिरू, जा, त्या कट्ट्यावर जाऊन बस. गरम पाण्याचं फडकं पिळून देते, मानेवर घे. खाली जाऊ नकोस."

"माई, पालखी..."

"तुझ्या ढोलाशिवाय निघते होय ती?"

पोरं बिरूला घेऊन कट्ट्यावर गेली. वैजू काळ्या पाटामागे तशीच गुडघ्यांवर राहिली. तिला वाटलं, गेलं. दादा येणार आणि आपण नुसतं घरी जाणार. मुलगा बघून ठेवलाय.

"माई, अजून एकदा बघू द्या ना. मी जरा आणखी जोर..."

"जोर आहे तुझ्याकडे."

बिरूला फडकं देऊन माई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते लुगड्यातलं गाठोडं होतं. त्यांनी लुगडं उलगडलं. एक वेढा, दुसरा वेढा. वैजूने श्वास धरून ठेवला होता. आतून पाट निघाला. बाभळीचा, गुळगुळीत, कडेला सुताराने बारीक वेल काढलेला. लाकडाचा वास अजून ओला होता. माईंनी तो लिंबाखाली मांडला आणि पदराने पुसला.

वैजूला काही सुचेना. मान फिरली नाही, तरी पाट? तिने धावत जाऊन त्या पाटाच्या मागे गुडघे टेकले. आपली जागा. स्वप्नात ती कितीदा तरी इथे येऊन बसली होती.

"तिथे नाही," माई म्हणाल्या.

"मग?"

"पाटावर बस."

"कुणी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

वैजू हसली. माई हसल्या नाहीत.

"मला काय झालंय, माई?"

"ओढणी सोड."

...

कट्ट्यावरची पोरं माना वळवून बघायला लागली.

"ऊन..."

"सावली आहे."

वैजूने ओढणीच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना. रोज बांधून बांधून ती आवळली होती.

"माई," ती अगदी हळू म्हणाली, "सगळे बघतायत. म्हाळू गावभर करेल. दादा येतोय. मान बघणारीचीच मान धरलेली म्हटल्यावर मला पाट कोण देईल? माझ्यापुढे बसेल कोण?"

"बस, पोरी."

वैजू बसली.

टेकावर आल्यापासून तिने कितीतरी लोकांना पाटावर बसवलं होतं. स्वतः कधी बसली नव्हती. नवं लाकूड गार लागलं. समोर सगळा माळ दिसत होता, पाळणे, फेटे, पालखीची गोंड्यांची छत्री. पण मागचे हात दिसत नव्हते. ते कधी येतील, कुठे येतील, किती दाबतील, काहीच कळायला मार्ग नव्हता. माईंनी हात लावायच्या आधीच तिच्या पायाची बोटं आखडली. तिने ती बघितली आणि लाजून परकर पुढे ओढला.

माईंचा अंगठा आला. शोधत आला नाही. थेट तिथेच येऊन टेकला, उजव्या खांद्यावर, मानेच्या खाली. कानशिलात लखकन वीज गेली.

वैजूने दात आवळले आणि दाबण्याची वाट बघितली.

अंगठा नुसता टेकलेला. चिमणी तारेवर बसते तसा.

...

"दाबा ना, माई."

...

"माई, दाबत का नाही?"

"तू आतून दाबतेयस ना? दोघींनी दाबून काय करायचं?"

वैजूने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तराऐवजी श्वास बाहेर पडला. लांब श्वास. बहुतेक दिवाळीपासून आत अडकून राहिलेला.

मग अंगठा थोडा खोल गेला, की मांसच वर येऊन त्याला भेटलं, हे तिला आजही सांगता येत नाही. ठणका एकदा पूर्ण उठला, कानशिलभर पसरला आणि पाण्यावर तेल पसरत पातळ होतं तसा पातळ होत गेला. तिचा खांदा खाली आला. तो वर होता हे तिला खाली आल्यावर कळलं. परकराखाली बोटं मोकळी झाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

"केव्हापासून?" माईंनी विचारलं.

"दिवाळी."

"बोलली नाहीस."

"पाट..."

"हं."

अंगठा न काढताच माईंनी हाक मारली. "बिरू, ये. ती गोधडी घे आणि हिच्यापुढे खाली बस."

वैजू धडपडून उठायला लागली.

"उठू नकोस."

"अहो, पण मी पाटावर... मी मागे पाहिजे ना?"

"हात मोकळे आहेत ना तुझे?"

बिरूने गोधडी घातली आणि खाली बसला. त्याच्या मागे पाटावर वैजू. वैजूच्या मागे माई. दुपारच्या वेळी बायका एकीपुढे एक बसून वेण्या घालतात, तशी ती तिघं बसली होती.

म्हाळूला राहवलं नाही. "वेणी घालायची का काय बिऱ्याची? रिबीन आणू का जत्रंतनं? लाल का हिरवी?"

सगळी पोरं खो खो हसली. बिरूही हसला, आणि या वेळी त्याने कानशील धरलं नाही. फडक्याने आणि हसण्याने मान जराशी सैल झाली असावी.

वैजूने अंगठा टेकवला. गाठ तिथेच होती. सवयीने तिचा भार पुढे गेला, खांदा वर निघाला.

"वर निघाला," मागून माई म्हणाल्या.

वैजूने खांदा खाली सोडला. खांदा खाली गेला आणि तिचा अंगठा मऊ पडला. ती थांबली. दाबलं नाही, उचललाही नाही. बिरूचा श्वास तिच्या अंगठ्याला कळायला लागला. आत गेला. बाहेर आला. तिच्या खांद्यावर माईंचा अंगठा, बिरूच्या खांद्यावर तिचा. खाली कुणीतरी हलगी तापवत होतं, तिचा टणटण आवाज येत होता.

आणि मग ते झालं.

अंगठ्याखाली काहीतरी फडफडलं. पाण्यात मासोळी वळते तसं. एकदा, पुन्हा एकदा. आणि गाठ पाघळायला लागली, गरम भाकरीवर ठेवलेल्या लोण्यासारखी. वैजूचे डोळे मोठे झाले. इतके दिवस तिने इतके चिंचोके शोधले, पण चिंचोका कधी सुटला नव्हता. चिंचोका नुसता सापडायचा. हे जिवंत होतं. हे तिच्याशी बोलत होतं.

"माई," ती कुजबुजली. "माई, जातेय."

"तिला सांगू नकोस. जाऊ दे." मग माईंनी म्हाळूला विचारलं, "बोटं काय करतायत रे त्याची?"

म्हाळू ओणवा झाला. "हलवतोय की. मुंगळा चढलाय अंगठ्यावर, त्याच्यासंगं खेळतोय."

"आता फिरव," वैजू बिरूला म्हणाली. "सावकाश. दुखायच्या अलीकडे थांब."

बिरूने मान फिरवली. आधी भीत भीत, थोडीशी. मग अजून. मग अजून. पोरांच्या शिट्ट्या नव्हत्या. मान फिरत फिरत इतकी मागे आली की त्याला वैजूचा चेहरा दिसला.

"वैजूताई, रडतीस का हसतीस गं?"

"समोर बघ," वैजू म्हणाली.

मग मात्र शिट्ट्यांनी टेक दणाणलं. कुणी बिरूचा फेटा उडवला, कुणी म्हाळूला पाडलं. बिरूने उभं राहून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच माळ बघत होता.

"पट्टा दुसऱ्या खांद्यावर घे," माई म्हणाल्या. "आणि मध्ये मध्ये ढोल उतरव. देव थांबतो तेवढा."

"व्हय, माई."

"बायकोने हाक मारली तर वळ."

"आता वळतोय की," बिरू म्हणाला, आणि पोरं घुंगरं खणखणवत उतारावरून पळत सुटली.

टेकावर दोघीच राहिल्या. थोड्या वेळाने खालून ढोल उठला. पहिला ठोका, दुसरा ठोका, मग सगळे ढोल एकदम. लिंबाचा मोहोर गळून वैजूच्या मांडीवर पडत होता. माईंनी खांद्यावरून अंगठा केव्हा काढला ते तिला कळलंच नव्हतं. तिथे अजून ऊब होती.

तेवढ्यात पायवाटेच्या वळणावर पांढरी टोपी दिसली. तिला ती चाल लांबूनही ओळखू आली.

"माई, दादा आला."

"येऊ दे."

"त्याला काय सांगू?"

माई तेलाच्या वाटीवर पान झाकत होत्या.

"माई... पाट माझा झाला का?"

टोपी चढ चढून वर येत होती. ढोल जोरात होता. माईंनी वाटी बाजूला ठेवली.

"उठावंसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

वैजूने टोपीकडे बघितलं. मग समोरच्या माळाकडे. मग आपल्या पायाच्या बोटांकडे.

"नाही."

"मग झाला."

तो पाट आता आजोळच्या ओसरीवर असतो, मी हे लिहितेय तिथेच. त्याचा लालसर रंग गेलाय, तेलाने काळपट झालाय. वैजूमावशी दर जत्रेला टेकावर जाते, आणि तिच्याकडे कुणी शिकायला आलं तर त्या मुलीला आधी गोधडी देत नाही, आधी पाटावर बसवते. मी खूप विचार केला. मला वाटतं माईंना असं म्हणायचं असेल, की मागे बसणाऱ्याला आधी

"ए, मघापासून मान खाली घालून काय लिहितेस गं? खांदे बघ कुठे जाऊन बसलेत. ठेव ते, आणि ये इकडे. बस पाटावर."